समासातली चार अक्षरं

नॅटी टीचरांच्या ओट्यावर बसलं की दर पाच-सात मिनिटांनी बोलणं थांबवावं लागे. मरोळच्या गावठाणावरून विमानं इतक्या खालून जातात की त्यांच्या पोटाखालची चाकं आत जाताना दिसतात. बाकीचे लोक त्या आवाजावर आवाज चढवून बोलतात. टीचर तसं करत नसत. त्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर करत आणि विमान पूर्ण जाईपर्यंत तसंच धरून ठेवत. मग बोट खाली येई आणि शब्द जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू होई. पहिल्या दिवशी त्या ‘इंटर’ म्हणाल्या, बोट वर गेलं, विमान गेलं, बोट खाली आलं, आणि त्या म्हणाल्या, ‘मिटंट.’ हा शब्द मी त्यानंतर कधी विसरले नाही. मध्ये मध्ये थांबत थांबत पाठवलेलं.

मला ते थांबणं आवडायचं. चारचौघांत सगळे बोलत असताना गप्प बसण्याची मला लहानपणापासून सवय आहे. टीचरांच्या ओट्यावर निदान त्या अर्ध्या मिनिटात कुणालाच बोलता येत नसे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एका कंपनीत लोकांनी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका शोधायचं काम करत होते. परदेशी शिकायला जायचं तर एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यातल्या कठीण इंग्रजी शब्दांच्या भागात मी पहिल्या खेपेला सपशेल आपटले होते. मी आयुष्यभर इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यामुळे हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. बाराशे शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. संध्याकाळी पाठ करायचे, सकाळी उठेपर्यंत गेलेले असायचे. आईला बाजारात कुणीतरी सांगितलं की गावठाणात एक बाई आहेत, त्या शब्द सोडवायला शिकवतात. ‘सोडवायला’ म्हणजे काय ते आईलाही कळलं नव्हतं.

टीचर तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. बारीक फुलांचा गुडघ्याखालपर्यंतचा फ्रॉक, पांढऱ्या केसांना काळी क्लिप, आणि फ्रॉकच्या खिशात टोपणासकट लाल पेन. त्या कधीही शाळेत शिकवायला नव्हत्या. अंधेरीतल्या एका छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं प्रुफं तपासली होती, कायद्याची आणि डॉक्टरीची जाडजूड पुस्तकं. त्यातली पहिली बरीच वर्षं त्यांचं काम मूळ कागद मोठ्याने वाचायचं होतं, म्हणजे समोरचा माणूस छापलेल्या कागदाशी ताडून बघे. तिथे विरामचिन्हंही मोठ्याने वाचावी लागत. छापखाना बंद झाला, पण ती सवय राहिली. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्या चिन्हांसकट बोलत.

“तू शेवटची,” पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या. “आता समदे मोबाइलवर शिकतात. कॉमा, तुझ्यानंतर कोण येणार नाय. फुलस्टॉप.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या प्रुफातली चूक दाखवावी तसं त्यांनी सांगितलं.

मग विचारलं, “काल पाठ केलेला शेवटचा शब्द कोणता?”

“बेनेव्होलंट.”

“अर्थ?”

मी इंग्रजीत अर्थ सांगितला.

“मराठीत सांग गो.”

माझी मराठी भाजीवाल्यापुरती आणि आजीच्या फोनपुरती होती. मी म्हटलं, “चांगला... माणूस?”

“इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगणं म्हणजे एका पाहुण्याला दुसऱ्या पाहुण्याची खोली कुठं ते विचारणं. घरातल्या माणसाला विचार. लॅटिनमध्ये बेने म्हणजे भलं. व्होल म्हणजे इच्छा. दुसऱ्याचं भलं इच्छिणारा. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत खाली काय लिहितात?”

मला आठवेना. त्यांनीच सांगितलं, “आपले हितचिंतक.”

मी चिठ्ठी उलटून तो शब्द देवनागरीत लिहिला. चिंतकवरचा अनुस्वार राहून गेला. लाल पेनाचं टोपण निघालं.

त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, “राहतेस कुठं?”

“सहवासमध्ये.”

“म्हणजे?”

“बिल्डिंगचं नाव आहे.”

“ता कळलं. अर्थ काय?”

मी त्या बिल्डिंगमध्ये जन्मापासून राहत होते आणि तिच्या नावाला काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. टीचरांनी बोटांवर मोजून दाखवलं. सह म्हणजे को. वास म्हणजे राहणं, हॅबिट. “कोहॅबिटेशन सोसायटीत राहतेस तू! आईला सांगू नको हां.” आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या ओट्यावरून लुसीबाई ओरडल्या, “नॅटी, पोरीला घाबरवू नको गो पहिल्याच दिवशी!”

लुसीबाई त्यांच्या शेजारीण. गल्लीच्या तोंडाशी जो क्रूस आहे, त्याच्या बाजूच्या फळ्यावर प्रार्थनेच्या वेळांचा कागद लिहून लावायचं काम त्यांच्याकडे होतं. ‘होली’ या शब्दात त्या नेहमी एक एल जास्त घालत, आणि पवित्र प्रार्थनेची त्या नावाच्या काटेरी झुडपाची प्रार्थना होई. टीचर येता-जाता तो जास्तीचा एल लाल पेनाने काट मारून उडवत. एकदा मी सोबत होते तेव्हा लुसीबाईंनी त्यांना पकडलं.

“देवाला समजतं ना मला काय म्हणायचंय!”

“देवाला समजतं,” टीचर म्हणाल्या. “कॉमा, वाचणारा देव नाय.”

कुणाचीही चूक त्यांनी सोडलेली मी पाहिली नाही. किराणा दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, माझ्या कंपनीचं ओळखपत्र, त्यावरही त्यांना दोन शब्दांमधली जागा राहून गेलेली दिसली. त्यांचा शब्दकोश हाताच्या वितीइतका जाड होता, आणि त्यातल्याही छपाईच्या चुका त्यांनी लाल करून ठेवल्या होत्या. “चूक तशीच ठेवली ना, मंग ती घर करते,” त्या म्हणत.

मी दर शनिवारी जात होते, पण त्या लॅटिन कुठे शिकल्या हे तीन महिने विचारलं नाही. मी विचारत नाही कुणाला काही. एका शनिवारी त्यांनीच सांगितलं.

“आमच्या रॉकूला फादर करायचा होता. माझा भाऊ. तो लॅटिनचे पाठ म्हणायचा आणि मी समोर पुस्तक पकडून बसायची. चुकला की टोकायची. दोन वर्षं. म्हणणारा विसरतो गो. पुस्तक पकडणारी विसरत नाय.”

रॉकू फादर झाला नाही. नोकरी करून, लग्न करून न्यूझीलंडला गेला. दर नाताळला त्याचा फोन येई.

“मागच्या नाताळला मी त्याला विचारलं, रॉकू, स्टेला म्हणजे काय सांग. तर म्हणतो, कोण स्टेला? माझ्या पोरासाठी मुलगी बघितलीस काय?”

स्टेला म्हणजे तारा. कॉन्स्टेलेशन, ताऱ्यांचा एकत्र समूह. टीचर हसल्या, मीही हसले. मग त्यांनी चष्मा काढून फ्रॉकला पुसला आणि म्हणाल्या, “समदं लॅटिन माझ्याकडंच राहिलं.” त्या वाक्याला त्यांनी कुठलंच चिन्ह दिलं नाही.

चार वाजता सायकलवरून पाववाला येई. त्याचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला की टीचर उठत, चहा ठेवत, आणि चार पाव घेत. दोन मला, दोन त्यांना. एकदा चार वाजता त्यांनी पाव हातात धरून विचारलं, “हा शब्द कुठला?”

“मराठी?” मी म्हटलं. “हिंदी?”

“पोर्तुगीज. त्यांच्याकडं लॅटिनमधून आला. पानिस म्हणजे भाकरी, पाव. आता ‘कॉम’ लाव. कॉम म्हणजे एकत्र.”

“कंपॅनियन,” मी म्हटलं.

“एकत्र पाव खाणारा. तुझी ती कंपनी हाय ना, ती पण तीच. तिथं कोणासंगती जेवतेस?”

“डेस्कवर. एकटीच.”

“मंग ती कंपनी नाय,” टीचर म्हणाल्या आणि पाव चहात बुडवला.

त्यानंतर त्यांनी माझ्या घरातलं सगळं लॅटिन मला काढून दाखवलं. चावी, क्लाविस. एकाच चावीने सगळ्यांना आत बंद केलं की कॉन्क्लेव्ह. नाताळ, नातालिस, जन्माचा. “माझं नाव पण तेच. चोवीस तारखेची हाय मी. दुसऱ्या दिवशी समदे त्याचाच वाढदिवस करतात, माझा राहून जातो.” मी इंग्रजी शिकायला जात होते आणि घरी येताना माझ्याकडे मराठी शब्द जास्त असत. मी आज हे मराठीत लिहू शकते ते त्या शनिवारांमुळे.

त्यांचा एक नियम होता. परीक्षा झाली की विद्यार्थ्याने पुन्हा यायचं नाही. मी कारण विचारलं नव्हतं, पण लुसीबाईंनी मुद्दाम तो विषय काढला, तेव्हा टीचर म्हणाल्या, “आधी यायची ना पोरं पास झाल्यावर. चहा प्यायची. मंग महिन्यातून एकदा. मंग नाताळला. मंग एक दिवस बंद. मी भोंगा ऐकला की पाव जास्त घ्यायची आणि ते सुकायचे. त्यापेक्षा परीक्षा झाली, फुलस्टॉप. ती वर जातात,” त्यांनी आभाळाकडे हात केला, “मी खाली. ठरलेलं बरं.”

माझी परीक्षा जूनमध्ये होती. मेमध्ये मला सगळे शब्द सोडवता येत होते. तरी मी परीक्षा पुढे ढकलली.

टीचरांना सांगितलं की ऑफिसात काम फार आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढचा धडा काढला. सप्टेंबरमध्ये मी पुन्हा ढकलली. या वेळी ताप आला असं सांगितलं.

“ताप?”

“हो.”

“मोजला?”

“नाही.”

“बरं,” असं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या. पानाच्या टोकावरचा विसरलेला ठिपका ज्यांना दिसतो, त्यांना हे दिसलं नसेल असं मी तेव्हा समजत होते.

त्या दोन तारखांच्या मधल्या एका शनिवारची ही गोष्ट आहे. टीचरांनी ‘कॉन’ने सुरू होणारे पाच शब्द दिले होते. ते सोडवायचे, आणि अर्थ मराठीत लिहायचा. कन्सोल हा शब्द शेवटचा होता. त्याआधी आम्ही सोलस शिकलो होतो, सोलस म्हणजे एकटा. सोलो, सॉलिट्यूड, डेसोलेट. त्यामुळे मला तो लगेच सुटला. कन्सोल म्हणजे सांत्वन करणं हे मला ठाऊक होतंच. मी वहीत लिहिलं: कॉन अधिक सोलस. एकट्या माणसाबरोबर एकटं बसणं.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पहिल्या चार शब्दांत दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पाचव्या शब्दावर पेन आलं आणि थांबलं. त्यांनी त्या शब्दावर रेघ ओढायला सुरुवातही केली होती, अर्ध्या अक्षराएवढी. तेवढ्यात विमान आलं. त्यांनी बोट वर केलं. मी त्या बोटाकडे बघत राहिले, आणि त्या माझ्या वहीकडे. विमान गेल्यावरही बोट थोडा वेळ तसंच होतं. मग त्यांनी माझ्या ओळीखाली बारीक ठिपके दिले, समासात काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि मला परत दिली.

घरी जाऊन मी पाहिलं. समासात चार इंग्रजी अक्षरं होती: एस, टी, ई, टी. मी बराच वेळ बघत राहिले. मग मला वाटलं, कळलं. त्यांना ‘टेस्ट’ लिहायचं होतं, म्हणजे हा शब्द त्या पुन्हा विचारणार होत्या, आणि अक्षरं पुढे-मागे झाली. नॅटी टीचरांच्या हातून चूक झाली होती! मला आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं. वय झालं, असं मला वाटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ती चूक कधी दाखवली नाही. आपण मोठं मन दाखवलं असं मला वाटत होतं.

तिसऱ्या तारखेच्या वेळी आई म्हणाली, आता ढकललीस तर वर्ष जाईल. मी परीक्षेला बसायचं ठरवलं आणि टीचरांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी नेहमीसारखा तास घेतला, नेहमीसारखे चार पाव घेतले. मी निघाले तेव्हा त्या आत गेल्या आणि तो जाड शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या.

“ने. मला पाठ हाय.”

मी नको म्हटलं. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि सोडून दिला, त्यामुळे मला धरावाच लागला.

“नीट जा गो,” त्या म्हणाल्या. “कॉमा,” आणि विमान आलं. त्यांनी बोट वर केलं. मी शब्दकोश छातीशी धरून फाटकात उभी राहिले. विमान गेलं, बोट खाली आलं. मी वाट पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. मला पुढचं विचारायला हवं होतं. मी मान हलवली आणि निघाले.

परीक्षेत शब्दांच्या भागात मला फार चांगले गुण मिळाले. परदेशी मात्र मी गेले नाही. त्याची कारणं घरातली आहेत आणि इथे सांगण्यासारखी नाहीत. मी सहवासमध्येच राहिले, टीचरांच्या ओट्यापासून चालत आठ मिनिटांवर, आणि त्यांच्याकडे गेले नाही. नियम त्यांचाच होता. पण तो माझ्या सोयीचाही होता हे मला कबूल करायला हवं. ज्याला दुसऱ्याचं दार वाजवायचा संकोच वाटतो, त्याला कुणीतरी केलेला नियम फार उपयोगी पडतो.

दोन वर्षांनी एका सकाळी लुसीबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. टीचर झोपेतच गेल्या होत्या, चार दिवस झाले होते. “तुझा नंबर नव्हता गो माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “नॅटीनं कधी दिला नाय. म्हणायची, पास झालेल्या पोरांना बोलवायचं नसतं.” त्या आल्या होत्या रॉकूसाठी. त्याला गुडघ्यांमुळे येता आलं नव्हतं. त्याला सांत्वनाच्या चार ओळी चांगल्या इंग्रजीत लिहून पाठवायच्या होत्या. “तू तिची शेवटची. तूच लिही.”

मी लिहायला बसले. तुमचं सांत्वन कसं करावं कळत नाही, असं काहीतरी लिहायचं होतं. टीचरांच्या भावाला जाणाऱ्या पत्रात चूक राहून चालणार नव्हती, म्हणून कपाटावरचा शब्दकोश काढला. दोन वर्षं तो मी उघडलाही नव्हता. कन्सोल. शब्दापुढे मूळ दिलेलं होतं: कॉन आणि सोलारी. सोलारी म्हणजे शांत करणं, धीर देणं. सोलस नाही. एकटेपणाशी त्या शब्दाचा काही संबंध नव्हता.

मी वही शोधली. ती ओळ काढली. एकट्या माणसाबरोबर एकटं बसणं. शब्दावर अर्धवट लाल रेघ, खाली ठिपके, समासात चार अक्षरं. टीचरांना हे मूळ माहीत नसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी ते का सोडलं? मी ती चार अक्षरं, आहेत तशी, शब्दकोशात शोधली. तसा शब्द होता. प्रुफं तपासणाऱ्यांचा शब्द, सरळ लॅटिनमधून उचललेला. काट मारली, मग वाटलं की काटायला नको होतं, तर खाली ठिपके द्यायचे आणि समासात हे लिहायचं.

त्याचा अर्थ मी इंग्रजीत वाचला. मग त्यांच्या सवयीने मराठीत केला.

राहू दे.

रॉकूला मी पत्र लिहिलं. त्यात कन्सोल हा शब्द घातला नाही.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, खरं तर ती आधी यायला हवी. परीक्षेनंतर मी टीचरांना एकदा पाहिलं होतं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला शनिवार होता, चार वाजून गेले होते. मी रिक्षाने घरी येत होते. मुख्य रस्ता खणून ठेवला होता म्हणून रिक्षावाल्याने गावठाणातून घातली आणि क्रूसाजवळ समोरून टेम्पो आला, म्हणून थांबवली. डावीकडे टीचरांचा ओटा होता.

त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर माझी खुर्ची होती, रिकामी. मधल्या स्टुलावर दोन कप, आणि कागदावर पाव. किती ते मला दिसलं नाही. त्यांनी उजव्या हाताचं बोट वर धरलं होतं, कारण वरून विमान चाललं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही, रस्त्याकडेही पाहिलं नाही. विमान गेलं. बोट खाली आलं. आणि त्यांचे ओठ हलले. जिथे तुटलं होतं तिथून त्या पुढे बोलू लागल्या. रिक्षाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

टेम्पो निघून गेला. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे बघते आहे हे त्याला दिसलं असावं.

“मॅडम, इथंच उतरायचंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “सरळ.”